घरातली पहिलीच कॉलेजात, आणि तीही मेडिकलला: विचारायचं कुणाला?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतीच वाचक होते, धागा पहिल्यांदा काढतेय. सांभाळून घ्या.

मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. आई-बाबा, दोन्हीकडचे काका-मामा, भावंडं सगळे धरले तरी आमच्यात शाळेपलीकडे कुणी गेलेलं नाही. प्रवेश मिळाला तेव्हा घरी सगळ्यांना वाटलं, अवघड ते संपलं. मलाही तसंच वाटलं होतं.

अभ्यास अवघड आहे, पण त्याबद्दल रडगाणं नाही, तो तसा असणार हे ठाऊकच होतं. खुपतंय ते वेगळंच. डिसेक्शनच्या टेबलावर आमच्या गटातल्या निम्म्या मुलांच्या घरी डॉक्टर आहेत. कुठलं पुस्तक ओळीने वाचायचं आणि कुठलं फक्त संदर्भाला उघडायचं, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, कोण काय विचारतं, सुट्टीत कुणाच्या हाताखाली प्रोजेक्ट मिळतो, हे सगळं त्यांना आधीपासून माहीत असतं. कुठून कळलं म्हणून विचारलं तर म्हणतात, "असंच, माहीत असतं ना." ते लपवत नाहीत, हे मला दिसतं. हे आपल्याला कधी कुणी शिकवलं होतं, हेच त्यांना आठवत नाही.

घरी फोन केला की पहिला प्रश्न "झालं का पाठ?" आणि दुसरा "अजून किती वर्षं?" दुसऱ्याचं उत्तर मी दर वेळी गुळमुळीत देते. पुढे स्पेशलायझेशन नावाचा आणखी एक डोंगर असतो, हे अजून घरी सांगितलेलंच नाही. शिवाय मावशी रिपोर्टचे फोटो पाठवते. मला आत्ता कुठे हाडांची नावं येताहेत!

तर प्रश्न असा: माझ्यासारख्यांनी विचारायचं कुणाला, आणि कसं? "मन लावून अभ्यास कर" सोडून काहीही चालेल.

---

जुना_स्टेथो

वयाचा फायदा घेऊन अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. मीही घरातला पहिलाच. वडील गवंडी होते. आता फिजिशियन आहे आणि विद्यार्थ्यांना शिकवतोही, त्यामुळे दाराच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

कॉलेजात मदत नसते असं नाही. बरीच असते, पण ती विचारणाऱ्याच्या पदरात पडते, आणि विचारायची सवय घरातून येते. ज्या घरात आई-वडील शिक्षकांशी बरोबरीच्या नात्याने बोलतात, तिथल्या पोराला प्राध्यापकांच्या दारावर टकटक करताना काही वाटत नाही. आपल्याला शिकवलेलं असतं की मोठ्या माणसांना त्रास देऊ नये, आपलं आपण निस्तरावं. हा संस्कार वाईट नाही. इंटर्न म्हणून रात्री अडीचला वॉर्ड एकटीने सांभाळशील तेव्हा तोच उपयोगी पडेल. प्राध्यापकांच्या दाराशी मात्र तो आडवा येतो.

हे नुसतं माझं मत नाही. २०१४ साली निकोल स्टीफन्स आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात नव्याने आलेल्या मुलांना तासभर सीनियर विद्यार्थ्यांचे अनुभव ऐकवले. एका गटाला सीनियर्सनी कॉलेजात टिकायचं कसं एवढंच सांगितलं. दुसऱ्या गटाला त्यांनी हेही सांगितलं की आपण कुठल्या घरातून आलो, त्यामुळे काय अडलं आणि त्यावर काय केलं. वर्षअखेरीस पहिल्या पिढीतली मुलं आणि बाकीची मुलं यांच्या गुणांतली दरी दुसऱ्या गटात ६३ टक्क्यांनी कमी निघाली. अभ्यासाचा एक धडासुद्धा कुणी जास्तीचा शिकवला नव्हता. ती मुलं प्राध्यापकांना भेटायला लागली होती, असलेल्या सोयी वापरायला लागली होती.

आता "कसं" याबद्दल. मला दर आठवड्याला "सर, मार्गदर्शन करावे" असे मेसेज येतात. याला उत्तर काय देणार? आयुष्याबद्दल मार्गदर्शन करू, की परीक्षेबद्दल? त्याऐवजी असं काहीतरी लिहून पाहा (त्यातला ब्रॅकियल प्लेक्सस म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हचं, म्हणजे मज्जातंतूंचं, जाळं):

"सर, मी पहिल्या वर्षाला, डिसेक्शनच्या तुमच्या बॅचमध्ये आहे. ब्रॅकियल प्लेक्सस कागदावर काढून पाहिला. मुळांपासून कॉर्डपर्यंत जमतं, पण कुठली नर्व्ह गेली की हाताचं काय होतं, हे जोडता येत नाही. या आठवड्यात दहा मिनिटं मिळतील का? काढलेला कागद घेऊन येते."

तू कोण, काय करून पाहिलंस, नेमकं कुठे अडलंय, वेळ किती हवा, सगळं आलं. असा मेसेज आला की नाही म्हणणं जड जातं. आणि कुणी नाही म्हणालंच, किंवा उत्तरच आलं नाही, तरी ते तुझ्याबद्दलचं मत समजू नकोस. आठवड्याने एकदा आठवण कर, नाहीतर दुसरं दार शोध.

आणखी एक. सगळं सांगणारा एकच गुरू शोधत बसू नकोस. पुस्तकांचं तुझ्या पुढच्याच वर्षातल्या मुलीला विचार, तिचं सगळं ताजं असतं. फीमाफी आणि शिष्यवृत्तीचं ऑफिसातल्या त्या क्लार्कला, ज्यांच्या टेबलावरून खरोखर फाइल पुढे सरकते. आणि डिसेक्शन हॉलचे अटेंडंट! कुठल्या बॉडीत कुठली नर्व्ह नीट दिसते, हे अनेकदा नव्या लेक्चररपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. त्यांच्याशी नावाने, आदराने बोल.

---

खडूस

सगळे सहानुभूतीच्या मूडमध्ये आहेत, म्हणून वाईटपणा घेतो.

माझे आई आणि बाबा दोघंही डॉक्टर. पहिल्या वर्षी माझीही वाटच लागली होती. ऍनाटॉमीचा पहिला टर्मिनल पेपर फेल. आणि घरी सांगायची सोय नाही, कारण आमच्याकडे "अरे, यात काय अवघड आहे?" असं विचारणारे दोघे बसलेले. कुठलं पुस्तक वाचायचं हे माहीत असून काय उपयोग, वाचायचं तर आपल्यालाच असतं.

"पहिली पिढी" हे लेबल एकदा चिकटवून घेतलं की प्रत्येक अपयशाला तेच कारण सापडतं. मेडिकल सगळ्यांनाच अवघड जातं, एवढं साधं आहे ते.

---

निळी_शाई

@जुना_स्टेथो, सर, तो मेसेज वहीत उतरवून घेतला. खरं सांगू का, तेवढं लिहितानाही पोटात गोळा आला.

@खडूस, तुमचं निम्मं पटलं. पण तुम्ही नापास झालात तेव्हा "आपण इथे चुकून तर आलो नाही ना", असं वाटलं होतं का? मला पास झाल्यावरही वाटतं.

---

खडूस

वाटलं होतं. वर्षभर वाटत होतं. कुणाला बोललो नाही, एवढंच.

---

आकडेमोड

@खडूस, तुम्ही लेबलाविरुद्ध लिहायला आलात आणि नकळत या मुलीला उत्तम औषध देऊन गेलात. :)

ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचा २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला प्रयोग बघा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सीनियर्सचे अनुभव वाचायला दिले. सूर एवढाच, की "आपण इथले नाही" असं सुरुवातीला बहुतेकांना वाटतं आणि हळूहळू ते ओसरतं. एकूण काम तासाभराचं. त्या गटातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं चढत गेले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेली तफावत निम्म्यावर आली. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांत फारसा फरक पडला नाही. ज्याच्या मनात आधीच शंका आहे की "आपल्यासारखे लोक इथे चालतात का", त्याला "असं सगळ्यांनाच वाटतं" ही माहिती फार मोलाची असते. बाकीच्यांना ती नुसती माहिती.

या भावनेला इंपोस्टर फिनॉमिनन असं नाव पॉलीन क्लान्स आणि सुझान इम्स यांनी १९७८ साली दिलं. त्यांनी ज्यांच्यावरून ते लिहिलं त्या सगळ्या कर्तबगार स्त्रिया होत्या. तेव्हा पास झाल्यावरही तसं वाटतं, यात नवल नाही.

लेबलाचं म्हणाल तर मला दोन्ही बाजू पटतात. लेबल कपाळावर नको. पण अर्जात तो रकाना असेल तर तिथे जरूर भरावं.

---

कागद_पेन्सिल

कुणीतरी अभ्यासाचंही बोला की. मानसशास्त्र होत राहील.

ज्यांच्या घरी कुणी शिकलेलं नसतं, त्यांच्यापैकी बरेच जण शाळेत पाठांतराच्या जोरावर पहिले आलेले असतात. मीही त्यातलाच. वाचायचं, अधोरेखित करायचं, पुन्हा वाचायचं. मेडिकलला हे पुरत नाही, कारण आवाकाच वेगळा आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली हे छान दाखवलं. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो परत वाचला, काहींनी पुस्तक मिटून जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर लिहून काढणारे पुढे. गोम अशी की परत वाचणाऱ्यांना आपलं छान पाठ झालंय याची खात्री जास्त होती!

स्टेथो सरांनी ब्रॅकियल प्लेक्ससचं उदाहरण दिलंच आहे, तेच घे. पुस्तक बंद कर, कोरा कागद घे. डावीकडे पाच मुळं, सी५ ते टी१. त्यांचे तीन ट्रंक. प्रत्येक ट्रंकचे दोन फाटे, म्हणजे सहा डिव्हिजन. मागचे तिन्ही फाटे एकत्र येऊन पोस्टीरियर कॉर्ड, पुढच्यांचे लॅटरल आणि मीडियल. मग पाच शेवटच्या नर्व्ह. अडलीस की लगेच पुस्तक उघडू नकोस, मिनिटभर थांब. मग पाहा, कागद फाड, उद्या पुन्हा काढ. मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने.

आकृती हाताला बसली की प्रत्येक नर्व्हच्या टोकाशी एक माणूस उभा कर. रेडियल गेलेला माणूस मनगट वर उचलू शकत नाही. अल्नर गेलेल्याची करंगळी आणि अनामिका वाकडी होऊन पंजासारखी दिसतात. वरचा ट्रंक, म्हणजे सी५-सी६, ताणला गेलेल्या बाळाचा हात खांद्यापासून लुळा लोंबतो. व्हायवाला हेच विचारतात आणि पुढे ओपीडीत हेच समोर येतं. तुझ्या मेसेजमधला प्रश्न अर्धा इथेच सुटला. उरलेल्या अर्ध्यासाठी सरांकडे जा.

---

दूरदेशी

@निळी_शाई, तू कुठे शिकतेस ते लिहिलेलं नाहीस, तेच बरं केलंस. पण हा धागा ठिकठिकाणची मुलं वाचतील, म्हणून थोडं व्यवस्थेबद्दल.

डॉक्टर व्हायचा रस्ता देशागणिक वेगळा. ब्रिटनमध्ये शाळेनंतर थेट पाच-सहा वर्षांचा कोर्स. अमेरिका-कॅनडात बहुतेक ठिकाणी आधी पदवी, मग मेडिकलची चार वर्षं, मग रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घ्यायचं स्पेशलायझेशनचं शिक्षण, ती विषयाप्रमाणे तीनपासून सातपर्यंत. घरच्या माणसांना "अजून किती?" हे कळत नाही यात त्यांचा दोष नाही, आतल्या माणसालाही ते बोटं मोजूनच सांगावं लागतं.

मदतीच्या वाटा आहेत. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २००१ पासून एक वर्ष वाढवलेला मेडिकलचा कोर्स चालवला आहे. तो साध्या सरकारी शाळांतून आलेल्या, संधी कमी मिळालेल्या मुलांसाठी असतो. तिथेच यूकॅट या प्रवेशपरीक्षेची फी गरजू मुलांना माफ होते. अमेरिकेत ज्यांच्या आई-वडिलांपैकी कुणाकडेही पदवी नाही, ते कायद्याने "पहिल्या पिढीचे" आणि त्यांच्यासाठी सरकारी योजना आहेत. तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची प्रवेशपरीक्षा आणि अर्जाच्या खर्चासाठी सवलत योजना आहे. क्युबाने १९९९ साली हवानात परदेशी गरीब मुलांसाठी बिनफीचं मेडिकल कॉलेजच काढलं.

पण आधी कुणी न सांगितल्यामुळे फटका बसतो तो असा: अमेरिकेतली ती सवलत मागच्या तारखेने लागू होत नाही. आधी फी भरलीत आणि मग योजना कळली, तर भरलेले पैसे गेले. बाकीच्या देशांतही फीमाफीच्या अर्जाची तारीख फीच्या तारखेआधी असणं नवलाचं नाही. त्यामुळे कुठलीही फी भरण्याआधी ऑफिसात एकच प्रश्न: "यात सूट कुणाला मिळते?" लाजायचं नाही. ती सूट कुणासाठी तरीच ठेवलेली असते.

---

आईची_शिलाई

मी शिकलेली नाही फार, शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. मुलीनेच या साइटवर नाव काढून दिलंय. ती मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी शिवणकाम करते.

बाळा, तू "अजून किती वर्षं" ते गुळमुळीत सांगतेस ना, तसं करू नको. माझी लेकही तसंच करायची. आम्हाला शिक्षणातलं कळत नाही, पण मुलगी काहीतरी गिळतेय हे आवाजावरून कळतं. मग रात्रभर नको ते मनात येतं. नापास झाली का, कुणी त्रास देतं का. शेवटी एकदा सुट्टीत तिने माझ्या मापाच्या वहीत ओळीने लिहून दिलं. हे वर्ष, मग हे, मग इंटर्नशिप, तेव्हा थोडे पैसे मिळतील, मग पुढची परीक्षा, तिला एकदा किंवा दोनदा बसावं लागेल. यांना धक्का बसला होता, खोटं कशाला सांगू. दोन दिवस बोलले नाहीत. मग त्या वहीवर बोट ठेवून हिशेब करायला लागले. आता शेजारपाजारी तेच समजावून सांगतात.

अभ्यासात आपण काय मदत करणार असं वाटायचं. पण तिची चिठ्ठ्यांची एक गड्डी असते, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. फोनवर मी प्रश्न वाचते. इंग्रजी अडखळत येतं, पण येतं. ती उत्तर देते आणि मी मागच्या बाजूशी अक्षरं जुळवून बघते. चुकलं की म्हणते, नाही, यात मध्ये एक पी आहे, तू पी घेतला नाहीस. तिला हसू येतं आणि लक्षातही राहतं. त्या शब्दाचा अर्थ काय ते मला अजून माहीत नाही.

आणि मावशीला म्हण, रिपोर्ट ज्यांनी काढायला सांगितला त्या डॉक्टरांना दाखव. वाईट वाटेल तिला, वाटू दे.

---

आकडेमोड

आईंना साष्टांग दंडवत. कागद_पेन्सिल, तुमचा २००६ चा प्रयोग या बाईंनी न वाचताच राबवलाय.

---

घाऊक_प्रेरणा

धाग्याला थोडी ऊर्जा देतो! आल्फ्रेडो किन्योनेस-हिनोहोसा यांचं नाव ऐकलंय का? मेक्सिकोतून अमेरिकेत आले, सुरुवातीला कॅलिफोर्नियात शेतमजुरी केली. इंग्रजी शिकत शिकत कम्युनिटी कॉलेज, मग बर्कली, मग हार्वर्डचं मेडिकल स्कूल. आज नावाजलेले न्यूरोसर्जन. ठरवलं तर काहीही अशक्य नाही!!!

---

जुना_स्टेथो

@घाऊक_प्रेरणा, माणूस मोठाच, आदर आहे. पण "ठरवलं तर काहीही" यावर मी जरा अडतो, कारण मला लगेच व्हिव्हियन थॉमस आठवतात.

१९१० चा जन्म, अमेरिकेतला कृष्णवर्णीय तरुण, डॉक्टर व्हायचं ठरवलेलं. कॉलेजसाठी साठवलेले पैसे महामंदीत बँकेबरोबर बुडाले. १९३० साली ते सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले. काम संशोधकाचं, आणि पगार सफाई कामगाराच्या हुद्द्याचा. जन्मतः हृदयात दोष असलेल्या, निळ्या पडणाऱ्या बाळांवरच्या शस्त्रक्रियेची पद्धत त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ब्लेलॉक यांनी ती पहिल्यांदा एका लहान मुलीवर केली, तेव्हा थॉमस त्यांच्या मागे उभे राहून टाके कसे घ्यायचे ते सांगत होते. शस्त्रक्रियेला नाव मिळालं ब्लेलॉक आणि बालहृदयतज्ज्ञ हेलन टाउसिग यांचं. थॉमस यांनी पुढे सर्जनांच्या पिढ्या शिकवल्या, पण स्वतः डॉक्टर कधीच झाले नाहीत. १९७६ साली हॉपकिन्सने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, तीही कायद्याची.

त्यांनी ठरवलं नव्हतं का? हात नव्हता का? दार नव्हतं, बास. म्हणून मी पोरांना प्रेरणेपेक्षा दारांचे पत्ते देतो.

---

घाऊक_प्रेरणा

हे माहीत नव्हतं. धन्यवाद सर.

---

रात्रपाळी

मेडिसिनची रेसिडेंट, आत्ता ड्यूटीवर, त्यामुळे तुटक लिहीन. मीही पहिलीच. बाबा ट्रक चालवतात.

पहिल्या दोन वर्षांत वाटायचं की आपण फक्त मागे आहोत. वॉर्डात आल्यावर चित्र थोडं बदललं. परवाची केस. इन्सुलिनवर असलेले एक गृहस्थ, साखर सतत चढलेली, फाइलवर तिसऱ्यांदा लिहिलेलं "औषधं नियमित घेत नाहीत". मी हिस्ट्री घेताना विचारलं, काम काय करता? ड्रायव्हर. किती वाजता निघता? मध्ये कुठे थांबता? हळूहळू बाहेर आलं की एकदा स्टिअरिंगवर असताना साखर उतरून हात थरथरायला लागले होते आणि डोळ्यांपुढे अंधारी आली होती. तेव्हापासून लांबच्या फेरीच्या दिवशी ते इन्सुलिन घेतच नाहीत. कारण? गाडीत मागे माणसं असतात. हा निष्काळजीपणा म्हणायचा का? मॅडमना सांगितलं, डोस आणि वेळा बदलल्या, साखर उतरल्याची लक्षणं दिसली तर गाडी बाजूला घेऊन काय करायचं ते समजावलं. हा प्रश्न मला सुचला कारण बाबा कसे निघतात, कुठे थांबतात हे मी लहानपणापासून बघितलंय.

पण याचं फार कौतुक करून घेऊ नकोस. प्रत्येक पेशंटमध्ये बाबा दिसायला लागले की रात्री झोप येत नाही. मला मध्यंतरी काही महिने नीट येतच नव्हती. कॉलेजच्या समुपदेशकांकडे जायला मी फार उशीर केला, कारण आमच्याकडे असलं काही "मोठ्या लोकांचं" असतं. तसं नसतं. झोप उडाली, रडू यायला लागलं, जगण्यातच अर्थ नाही असं वाटायला लागलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांग. तिथे "दहा मिनिटं मिळतील का" वगैरे नको, सरळ जाऊन उभी राहा.

आणि शिष्यवृत्तीतून गुपचूप घरी पैसे पाठवत असशील तर आकडा ठरवून घे. नाहीतर परीक्षेच्या फीला तूच हात पसरशील. पेजर वाजला, पळते.

---

खडूस

@रात्रपाळी, ही केस मी असतो तर मीसुद्धा "नियमित घेत नाहीत" लिहून पुढे गेलो असतो. बरं झालं लिहिलंत.

---

निळी_शाई

अपडेट देते, कारण बरेच जण मेसेज करून विचारताहेत.

सरांना मेसेज केला, जवळजवळ स्टेथो सरांचाच. रात्रभर फोन उलटा ठेवला. सकाळी उत्तर होतं: "उद्या साडेतीन. कागद आण." गेले. त्यांनी आधी कोऱ्या कागदावर काढायला लावलं, मीडियल कॉर्डपाशी अडले तेव्हा काही न बोलता वाट बघत बसले. मग स्वतःचा हात टेबलावर ठेवून म्हणाले, "समज माझी अल्नर गेली, तर मी तुला कुठला कागद दोन बोटांत धरून दाखवू शकणार नाही?" दहा मिनिटांची चाळीस झाली. निघताना सुट्टीतल्या एका संशोधन प्रकल्पाबद्दल सांगितलं, दोन सीनियर मुलींचे नंबरही दिले. त्यातली एक तिच्या घरातली पहिलीच आहे! पुस्तकांचा घोळ तिने एका फोनमध्ये मिटवला.

घरीही सांगितलं, वर्षं ओळीने लिहून. बाबा "बरं" एवढंच म्हणाले. आईने विचारलं, त्या चिठ्ठ्या कुठे मिळतात. (@आईची_शिलाई, तुमची पोस्ट वाचून दाखवली होती.)

आता नवा प्रश्न. प्रकल्पाच्या अर्जाला शिफारसपत्र लागतं. सरांशी एकदाच बोलणं झालंय. लगेच मागितलं तर कसं दिसेल? आणि पत्र मी लिहून न्यायचं असतं का?

---

जुना_स्टेथो

पत्र ते लिहितात. काही जण मसुदा मागतात, तेव्हाच द्यायचा. एकदाच बोलणं झालं असलं तरी प्रकल्प त्यांनीच सुचवलाय, म्हणजे मागायला हरकत नाही. विचारताना असं विचार: "या अर्जासाठी तुम्हाला माझ्याबद्दल चांगलं पत्र लिहिता येईल का?" त्यात त्यांना नाही म्हणायची वाट राहते, आणि गुळमुळीत पत्रापेक्षा नकार परवडला.

हो म्हणाले तर त्याच दिवशी एका पानात सगळं पाठव: तुझे गुण, हा प्रकल्प का हवाय ते चार ओळींत, पत्र कुणाच्या नावे, कुठे पाठवायचं, शेवटची तारीख. तारखेला निदान तीन आठवडे असावेत. कमी असतील तर आजच जा. तारखेच्या आठवडाभर आधी एक आठवण, आणि निकाल काहीही लागो, त्यांना कळव. हे शेवटचं निम्मी मुलं विसरतात.

---

कागद_पेन्सिल

आणि तो अल्नरचा कागद अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरायचा. अंगठ्याचं टोक वाकलं की समजायचं, ऍडक्टर पोलिसिस, म्हणजे अंगठा आत ओढणारा स्नायू, गेलाय. फ्रोमेंटची खूण म्हणतात त्याला. व्हायवाला येतंच.

---

निळी_शाई

तारखेला सोळा दिवस आहेत. निघाले.